रोजकीर्द आणि खतावणी

बुद्धिबळाचा पट मांडला की पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी वीस पर्याय असतात. सोळा प्याद्यांचे, चार घोड्यांचे. काळ्यालाही तितकेच. दोघांची एकेक चाल झाली की चारशे शक्यता होतात आणि पांढऱ्याने दुसरी चाल केली की आकडा ८,९०२वर जातो. पण हे ८,९०२ रस्ते आहेत, मुक्काम नव्हेत. चालींचा क्रम वेगळा असूनही पटावर तीच मांडणी येऊ शकते. त्यामुळे या टप्प्याला पटावर प्रत्यक्ष दिसू शकणाऱ्या स्थिती ५,३६२च भरतात. रस्ते लिहून ठेवायचे की मुक्काम? बुद्धिबळाच्या डावाच्या सुरुवातीचा, म्हणजे खेळाडू ज्याला ओपनिंग म्हणतात त्याचा, संगणकावर अभ्यास करण्याचा इतिहास मी गेली काही वर्षे जमवतो आहे. त्यातले निम्मे प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतात.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. सांगलीच्या गणपती पेठेत एका अडत दुकानात हिशेब लिहिणारे दिवाणजी होते, त्यांच्याकडून कळला. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. १९८३ साली मी तेरा वर्षांचा होतो आणि अप्पा साठीच्या पुढचे. संध्याकाळी हळदीचे सौदे संपून दुकानाच्या फळ्या लागल्या की मागच्या ओट्यावर पट मांडला जाई. सांगली ही तेव्हा बुद्धिबळाची पंढरी. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा म्हणजे आमची वारी. अप्पा तिथे खेळायला कमी आणि पाहायला जास्त जात. खेळाडू म्हणून ते बेताचेच होते, हे आज लिहायला हरकत नाही. त्यांचे वेगळेपण त्यांच्या वह्यांत होते.

लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या. एक रोजकीर्द, एक खतावणी. रोजकीर्दीत खेळलेले डाव तारीखवार, चालीमागून चाल. खतावणीत मात्र डाव नव्हतेच. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने आखलेला छोटा पट आणि त्यावर एक स्थिती. खाली डावीकडे 'जमा', म्हणजे त्या स्थितीत लाभलेल्या चाली. उजवीकडे 'नावे', म्हणजे महागात पडलेल्या. प्रत्येक नोंदीपुढे रोजकीर्दीचे पान. वेगळ्या क्रमाने चाली होऊन तीच स्थिती आली तर नवे खाते उघडायचे नाही, 'पान १२ पाहा' एवढेच लिहायचे. पानाच्या तळाशी दोन-तीन ओळी मोडीत. मला तेव्हा मोडी येत नव्हती आणि ती यावी असेही कधी वाटले नाही.

मी एकदा विचारले, "अप्पा, एकाच डावाला दोन वह्या कशाला?"

"माल कुठल्या वाटेनं आला ते किर्दीत लिहायचं," ते म्हणाले. "खात्यात माल लिहायचा."

अप्पांनी काही जगावेगळे केले, असा माझा दावा नाही. डाव घरी शिजवून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. सोव्हिएत जगज्जेता मिखाईल बोत्विनिक याने या कामाला शिस्त लावली. १९४५च्या सोव्हिएत-अमेरिका रेडिओ सामन्यात अरनॉल्ड डेंकरला त्याने २५ चालींत हरवले तेव्हा त्यातला मोठा भाग आधीच घरी तपासलेला होता. अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने एक हल्ला वर्षानुवर्षे लपवून ठेवून १९१८ साली न्यूयॉर्कला कापाब्लांकावर सोडला, ही गोष्ट तर प्रत्येक क्लबात ऐकायला मिळते. ती तशीच्या तशी खरी नाही, असे अभ्यासकांनी कागदपत्रांवरून दाखवले आहे. कापाब्लांका तो डाव जिंकला, एवढे मात्र पक्के. पण गोष्ट टिकली, कारण ओपनिंग म्हणजे कुणाच्या तरी ट्रंकेत जपलेले गुपित, ही समजूत लोकांना आवडते.

ते गुपित फोडण्याचे पहिले मोठे काम संगणकाने नव्हे, छापखान्याने केले. १९६६ साली बेलग्रेडमधून अलेक्झांडर मातानोविच यांनी 'शाहोव्स्की इन्फॉर्मेटर' सुरू केले. जगभरचे निवडक डाव आणि त्यावरचे भाष्य शब्दांऐवजी खुणांत. भाषा कुठलीही असो, वाचणाऱ्याला कळावे. १९७४पासून त्याच मंडळींनी ओपनिंगचा विश्वकोश काढला आणि सगळ्या सुरुवातींना ए००पासून ई९९पर्यंत क्रमांक दिले. पाचशे खाती. अप्पांना मी हे १९८६-८७ च्या सुमारास सांगितले तेव्हा ते खूश झाले होते. "म्हणजे त्यांच्याकडंही दिवाणजी आहे की!"

आता हँबुर्ग. १९८५च्या नोव्हेंबरमध्ये गॅरी कास्पारोव्ह जगज्जेता झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच हँबुर्गच्या क्लबमधल्या आठ खेळाडूंशी तो एकाच वेळी आठ पटांवर खेळला आणि साडेतीन विरुद्ध साडेचार असा हरला. समोरचे आठ जण कोण, कसे खेळतात, याची त्याला फारशी कल्पना नव्हती. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मथियास व्ह्यूलनवेबर या भौतिकशास्त्राच्या जर्मन विद्यार्थ्याने अटारी एसटी संगणकावर डाव साठवण्याचा आणि शोधण्याचा प्रोग्रॅम लिहिला. पत्रकार फ्रेडरिक फ्रीडेल याच्यामार्फत तो कास्पारोव्हच्या हाती पडला. हाच 'चेसबेस'. १९८७ साली कास्पारोव्ह हँबुर्गच्या संघाशी पुन्हा भिडला आणि या वेळी ७-१ असा जिंकला.

ही गोष्ट सांगताना सगळे ७-१ या आकड्याजवळ थांबतात. माझे लक्ष दुसरीकडे जाते. कास्पारोव्हने त्या संगणकावर पाहिले काय? कुठली चाल उत्तम, हे सांगण्याची त्या प्रोग्रॅमची ताकदच नव्हती. त्याने समोरच्या माणसांचे जुने डाव पाहिले. हा कुठली सुरुवात पसंत करतो, तो कुठे अडखळतो. ओपनिंगच्या संगणकी अभ्यासाचा जन्म असा माणसांच्या अभ्यासातून झाला. चालींतले सत्य यंत्राने सांगायला लागायचे होते.

ते १९९६ला माझ्या दारात आले. त्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात 'डीप ब्लू'ने कास्पारोव्हला पहिल्या डावात हरवले. पुढे सामना कास्पारोव्हने ४-२ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पहिला डाव. माझ्या एका मित्राने तेव्हा नवा संगणक घेतला होता आणि त्यावर 'फ्रिट्झ' हा खेळणारा प्रोग्रॅम होता. मी अप्पांच्या खतावणीचे ३७वे पान उतरवून घेतले आणि मित्राकडे गेलो.

त्या पानाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले की अप्पाही तेच करत. मग पांढरा शेजारचे, उंटापुढचे प्यादे खाऊ म्हणून पुढे करतो, तो वजिराचा गँबिट. बहुतेक लोक इथे ते प्यादे घेतात किंवा आपले सावरून धरतात. अप्पा दोन्ही न करता स्वतःचे राजापुढचे प्यादे दोन घरे ढकलून उलट खाऊ देत. याला अल्बिनचा प्रतिगँबिट म्हणतात. रुमानियात जन्मलेल्या अडॉल्फ अल्बिनने १८९३ साली न्यूयॉर्कला खुद्द एमानुएल लास्करविरुद्ध तो खेळून पाहिला होता. पांढरा प्यादे मारतो, काळ्याचे वजिरापुढचे प्यादे आणखी एक घर सरकून पांढऱ्याच्या मुलुखात खिळ्यासारखे रुतून बसते. पांढऱ्याने आता ते प्यादे घालवायला राजापुढचे प्यादे एक घर पुढे घेतले की सापळा लागला. काळ्याचा उंट शह देतो, पांढरा उंट आडवा घालतो, रुतलेले प्यादे पांढऱ्याचे ते प्यादे खाते. पांढऱ्याने मोहाने काळ्याचा उंट मारला तर प्यादे आणखी एक घास घेऊन राजाला शह देते, राजा वर सरकतो, प्यादे घोड्याच्या घरातला घोडा मारून शेवटच्या ओळीत पोचते आणि तिथे घोडा होते. वजीर नाही. वजीर केला तर पांढरा वजिरावजिरी करून, मग हत्तीने नवा वजीर मारून निसटतो. घोडा केला की पुन्हा शह बसतो. हत्तीने घोडा मारलाच तर काळ्याच्या दुसऱ्या उंटाचा शह लागतो आणि राजामागे उभा असलेला वजीर जातो.

याला लास्करचा सापळा म्हणतात. पुस्तकांत तो नवलाचा म्हणून छापतात, कारण वजीर मिळत असताना घोडा मागणे माणसाला सुचत नाही. अप्पांना त्यात नवल वाटत नसे. लहानपणी ते देशी पद्धतीने खेळत. त्यात बऱ्याच ठिकाणी रिवाज असा की प्यादे ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा होते. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. "घोड्याच्या घरात गेलं तर घोडाच होणार की!" एवढेच त्यांचे भाष्य.

देशी खेळाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथेच नोंदवतो. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे इंग्रजी पुस्तक छापले गेले, मूळ संस्कृतावरून केलेले. त्यात भर आहे तो पटावरच्या अवघड स्थितींवर. डाव सुरू कसा करावा, यावर नाही. मला हे स्वाभाविक वाटते. देशी खेळात बहुतेक ठिकाणी प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर मिळते, त्यामुळे दोन्ही फौजा एकमेकांना भिडायलाच वेळ लागतो. पहिल्या दहा चालींत डाव जिंकण्या-हरण्याची भीती नसेल तर त्या चालींचे शास्त्र कोण कशाला लिहील? ओपनिंगचे ओझे आपल्याकडे युरोपी नियमांबरोबर आले.

तर फ्रिट्झ. यंत्राने ३७वे पान एका मिनिटात निकालात काढले. पांढऱ्याने सापळ्याकडे न जाता राजाच्या बाजूचा घोडा काढावा, मग त्याच बाजूचे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवावा. काळ्याचे गेलेले प्यादे परत मिळत नाही. मी त्या चाली कागदावर उतरवल्या आणि त्याच संध्याकाळी अप्पांकडे गेलो. ओट्यावर आणखी तिघे-चौघे होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "अप्पा, तुमचं सदतिसावं पान खोटं निघालं."

त्यांनी कागद वाचला. मग विचारले, "खाली लिहिलंय ते वाचलंस काय?"

"मला मोडी येत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पट मांडायला लागले. त्यानंतर त्यांनी खतावणी माझ्यासमोर कधी उघडली नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो. संगणकाच्या बाजूने आहोत म्हणजे बरोबरच आहोत, असे वाटण्याचे ते वय.

पुढचे वर्ष १९९७. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या सामन्याच्या सहाव्या, शेवटच्या डावात कास्पारोव्ह कारो-कान बचाव खेळला, चालींच्या क्रमात घसरला आणि डीप ब्लूने घोडा देऊन त्याची तटबंदी फोडली. १९ चालींत डाव संपला, सामना ३½-२½ असा यंत्राने जिंकला. घोड्याचा तो बळी यंत्राने पटापुढे शोधलेला नव्हता. तो त्याच्या ओपनिंगच्या पोथीत माणसांनी आधीच भरून ठेवलेला होता. यंत्राने माणसाला हरवले, असे आपण म्हणतो. त्या दिवशी निर्णायक ठरली ती काही माणसांची खतावणी, असेही म्हणता येईल.

याच काळात रोजकीर्द सगळ्या जगाला मोकळी झाली. डाव कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता यावा म्हणून १९९३ साली पीजीएन नावाची साधी लेखनपद्धत ठरली. १९९४पासून इंग्लंडचा मार्क क्राउदर आठवड्याचे डाव गोळा करून इंटरनेटवर ठेवू लागला. इन्फॉर्मेटरची सहा महिने वाट पाहणारे आम्ही, आता सोमवारी मागच्या आठवड्याचे डाव पाहू लागलो. म्हणजे मी नाही, ज्याच्याकडे टेलिफोनची जोडणी आणि मोडेम होते तो.

पण नुसत्या डावांचा ढीग म्हणजे किर्दच. तिची खतावणी करायला दोन गोष्टी लागल्या. पहिली १९७०ची. अमेरिकेत अल्बर्ट झोब्रिस्ट याने युक्ती सुचवली की बारा प्रकारच्या मोहऱ्यांना चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घरासाठी एकेक यादृच्छिक मोठी संख्या देऊन टाकावी. अशा ७६८ संख्या झाल्या. पटावर जे मोहरे जिथे असतील त्यांच्या संख्या एकत्र गुंफल्या की त्या स्थितीचा एक आकडा मिळतो. रकमा कुठल्याही क्रमाने मांडा, बेरीज तीच येते, तसा हा आकडाही चालींच्या क्रमावर अवलंबून नसतो. आकडे जुळले की खाते एकच. कुणाची चाल आहे, किल्लेकोट करण्याचा हक्क कुणाला उरला आहे, यासाठी आणखी काही संख्या जोडतात. बाकी मुद्दा हाच. दुसरी गोष्ट म्हणजे हे तत्त्व खेळाडूच्या टेबलावर आणणारे प्रोग्रॅम. अमेरिकेतला 'बुकअप' त्यांतला एक आद्य. त्यात तुम्ही डाव साठवत नाही, स्थिती साठवता. प्रत्येक स्थितीखाली तुमचा शेरा, आणि टोकाच्या स्थितींचे बरे-वाईट ठरले की मागच्या सगळ्या स्थितींचे मोल प्रोग्रॅम आपोआप मोजत येतो. पुढे 'चेसबेस'मध्ये झाड नावाची सोय आली, 'स्किड'सारखे फुकट प्रोग्रॅम आले. 'पान १२ पाहा' लिहिण्याची गरज संपली.

मला वाटले होते इथे प्रश्न मिटला. पण ज्ञान संगणकात बसले तरी डाव माणसाच्या डोक्याने खेळायचा असतो. सामन्याला बसताना संगणक बाहेर ठेवावा लागतो.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आपल्या विश्वनाथन आनंदचे आहे. २००८ साली बॉनमध्ये क्रामनिकविरुद्ध त्याची तयारी इतकी चोख होती की राजापुढच्या प्याद्याने डाव सुरू करणारा म्हणून ओळखला जाणारा आनंद या सामन्यात वजिरापुढच्या प्याद्याकडे वळला. काळ्या मोहऱ्यांनी तिसरा आणि पाचवा डाव त्याने एकाच ओपनिंगमध्ये जिंकले आणि सामना ६½-४½ असा खिशात घातला. दोन वर्षांनी सोफियात टोपालोव्हशी गाठ होती. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमाने बंद, म्हणून आनंद फ्रँकफर्टहून रस्त्याने तिथे पोचला. पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड बचावात, घरी तपासलेल्या मार्गावर असतानाच त्याच्या डोक्यात चालींची सरमिसळ झाली. त्याने राजा एका घराने वर घेतला, टोपालोव्हने घोडा दिला, ३० चालींत डाव गेला. लॅपटॉपमध्ये सगळे बरोबर होते. आठवले नाही. पुढे त्याने दुसरा आणि चौथा डाव जिंकला आणि शेवटच्या, बाराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून जगज्जेतेपद राखले.

विसरण्याचे शास्त्र १८८५पासून आहे. हर्मान एबिंगहाउस याने अर्थहीन अक्षरे पाठ करून ती किती वेगाने विसरली जातात हे स्वतःवरच मोजले. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर याने खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली. आठवलेले कार्ड मागच्या खोक्यात टाकायचे आणि उशिरा पाहायचे, न आठवलेले पुढच्या खोक्यात ठेवून लवकर पाहायचे. आजचे ओपनिंगचा सराव घेणारे प्रोग्रॅम हीच खोकी फिरवतात. स्थिती दाखवतात, चाल विचारतात, चुकलात की उद्या पुन्हा. २०१५ नंतर 'चेसेबल'ने याचा मोठा बाजार उभा केला.

मी स्वतः हा सराव दोन वर्षे नेमाने केला. कबूल करतो की उपयोग होतो. पण एक अनुभव असा की काही स्थिती शंभरदा विचारूनही मला चुकत आणि काही एकदा पाहून बसत. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचे उत्तर सापडते. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडतो. मोहरे कसेही विखरून ठेवले तर दोघांत फारसा फरक उरत नाही. म्हणजे निष्णाताला मोहरे आठवत नाहीत, त्यांचे एकमेकांशी असलेले नाते आठवते. ज्या चालीमागचे कारण मला माहीत होते ती बसली, जिच्यामागे फक्त यंत्राचा आकडा होता ती गळून पडली.

अप्पा १९९९ साली गेले. काही महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंनी दोन्ही वह्या माझ्याकडे पाठवून दिल्या. मी त्या माळ्यावर ठेवल्या. पुढे हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर लिहायचे डोक्यात आले तेव्हा जुने कागद वाचण्यासाठी मोडी शिकलो. चाळिशी उलटल्यावर, एका पुस्तिकेवरून, एकटाच. तरीही त्या वह्या उघडायचे मनात आले नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले. खतावणी माळ्यावरच होती. रोजकीर्द मात्र कधीतरी बाईंडिंग दुरुस्त करायला म्हणून मीच खाली काढून टेबलाच्या खणात ठेवली होती. पाणी ओसरल्यावर तिचा लगदा हाती आला, शाई सगळी उतरलेली. चाळीस वर्षांचे डाव. खतावणीच्या प्रत्येक नोंदीपुढे रोजकीर्दीचे पान लिहिलेले आहे आणि ते पान आता कुठेच नाही.

निदान खतावणी तरी संगणकावर घ्यावी म्हणून त्या दिवाळीनंतर बसलो. रोज दोन पाने. प्रोग्रॅमला स्थिती दिली की तो लगेच विश्वकोशाचा क्रमांक सांगे. ३७वे पान आले, डी०८ दिसले. अल्बिन. आणि मी पहिल्यांदा तळाच्या मोडी ओळी वाचल्या. त्या अशा होत्या : 'घोडा काढून कोपऱ्याकडून उंट आणल्यास प्यादे बुडाले. डाव जड. मास्तरांशी खेळू नये. डॉक्टर घाईचे, त्यांशी खेळावे. उत्तर सापडेतो चालवावे.'

घोडा काढून कोपऱ्याकडून उंट. विश्वकोशात याला वेगळा क्रमांक आहे, डी०९. फ्रिट्झने मला १९९६ साली सांगितले ते हेच. ओळींची पेन्सिल जुनी आहे. शेजारच्या नोंदींवरून त्या १९७०च्या आधीच्या ठरतात. अप्पांना पान खोटे आहे हे माहीत होते. त्यांनी ते कुणाशी खरे ठरते हेही लिहून ठेवले होते.

त्यानंतर मी ओपनिंगचा अलीकडचा इतिहास पुन्हा वाचून काढला आणि मला त्यात अप्पा दिसू लागले. २०१७ साली 'अल्फाझीरो' फक्त नियम शिकून, एकही मानवी डाव न पाहता, स्वतःशीच खेळत काही तासांत असे तयार झाले की 'स्टॉकफिश'विरुद्धच्या शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. त्याला कुणाची खतावणी नको होती. २०२०ला स्टॉकफिशनेही मूल्यमापनासाठी तशीच शिकणारी जाळी पोटात घेतली, आणि जगज्जेत्यापेक्षा कितीतरी बलवान यंत्र कुणालाही फोनवर फुकट मिळू लागले. मग झाले काय? सगळ्यांना सगळ्यात चांगली चाल माहीत झाली म्हणून तिचे मोल उतरले. आज अव्वल खेळाडूंचे मदतनीस यंत्राची पहिली पसंती सोडून तिसरी-चौथी चाल शोधतात. थोडी वाईट, पण समोरच्याने पाठ न केलेली. २०२४ला सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात डिंग लिरेनने गुकेशविरुद्ध फ्रेंच बचाव काढला. यंत्राचा तो लाडका नव्हे. डिंग तो डाव जिंकला. बॉबी फिशरने याच पाठांतराला विटून १९९६ साली मागची ओळ सोडत काढून मांडायची, ९६० मांडण्यांची पद्धत सुचवली होती. तिच्या स्पर्धा आता होतात, पण नेहमीचा पट काही कुणी सोडलेला नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बाटुमीत विश्वचषक जिंकल्यापासून माझ्या भाचीची दहा वर्षांची मुलगी फोनवर सराव करते. सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला संगणकावर घेतलेली खतावणी दाखवली. ३७व्या पानाशी ती थांबली.

"आजोबा, इथे तर काळ्याला वाईट दाखवतंय. मग खेळायचं कशाला?"

मी तिला खालच्या ओळी वाचून दाखवल्या. तिने विचारले, "डॉक्टर कोण?"

ते मला सांगता आले नाही. ओट्यावर येणाऱ्यांत दोन डॉक्टर होते आणि कोणत्या डावात कोण बसले होते, ते रोजकीर्दीत लिहिलेले असणार. प्रोग्रॅममध्ये स्थितीखाली शेरा लिहायला चौकट असते. यंत्राचा आकडा वर आपोआप येतो, त्याखाली मी अप्पांच्या ओळी देवनागरीत उतरवतो आहे, त्यांच्या शब्दांत, चुका न सुधारता. एकंदर ११८ पाने आहेत. ९४ झाली.